समुद्री गवताची टाकी : धंदा करावा, पण खाडी विकू नये

कापडाच्या पेढीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाने माशांच्या टाकीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण विषय माशांचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे, म्हणून या पानावर जागा मागितली.

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने पिरंगुटला दुकान घालण्याचा विचार काढला. मुळशी तालुका आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. हिंजवडीची संगणक वसाहत याच तालुक्यात येते. भूगाव-पिरंगुटच्या रस्त्याला सदनिका उभ्या राहिल्या आणि पौडच्या पुढे धरणाच्या कडेने पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झाले. भाच्याचे म्हणणे असे की गोड्या पाण्याच्या टाक्या गल्लोगल्ली झाल्या, त्यात नफा उरला नाही. आता हौशी गिऱ्हाईक खाऱ्या पाण्याची टाकी मागते, आणि त्यातही तळाशी हिरवे समुद्री गवत डुलते आहे अशी. "मामू, एक माणूस गवत आणि समुद्रघोडे दोन्ही पोहोचवायला तयार आहे. फक्त बिल देणार नाही, रोख मागतो." भांडवल माझे लागणार होते.

बिलाशिवाय येणारा माल कसा असतो हे कापडवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मी एवढेच म्हटले, "आधी एक टाकी आपल्या घरात ठेव. वर्षभर ती जगली तर भांडवलाचे बोलू." ती टाकी पौडला माझ्या दिवाणखान्यात आहे. तिच्याकडून आणि त्यानिमित्ताने केलेल्या चौकशीतून जे समजले, ते या धंद्यात पडू पाहणाऱ्या बंधूंच्या कामी यावे.

प्रथम गवताविषयी. पुष्कळ दुकानदार त्याला शेवाळ म्हणून विकतात, ते चूक आहे. शेवाळाला मूळ नसते. समुद्री गवत ही जमिनीवरच्या झाडांसारखी मूळ, खोड, पान असलेली आणि पाण्याखाली फुलणारी वनस्पती आहे. आपल्याकडची हरळी जशी जमिनीखाली आडवे खोड पसरते आणि ठिकठिकाणी वर पाने काढते, तसेच हे वाळूत पसरते. जगात त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत आणि भारतात पंधराच्या आसपास. मोठी कुरणे तामिळनाडूत पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचे आखात, लक्षद्वीपची खाजणे, अंदमान आणि कच्छचे आखात येथे आहेत. महाराष्ट्राचा किनारा या बाबतीत गरीब आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ होते आणि गवताला ऊन पोहोचत नाही. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत, कांदळवनाच्या पुढच्या चिखलात, हॅलोफिला जातीचे बारीक गवत आढळते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे टी. जी. जगताप यांनी देशाच्या किनाऱ्यावरील गवतांची पाहणी करून १९९१ साली ती प्रसिद्ध केली होती. आपल्या खाड्यांतली हॅलोफिला बेकारी ही जात जागतिक यादीत धोक्यात असलेली म्हणून नोंदलेली आहे. तिचे पान बोटाच्या नखाएवढे. ओहोटीला चिखलात हिरवट डाग दिसतो, एवढेच. एक टोपले भरायचे म्हटले तर तो डाग संपतो.

आता त्या रोखीच्या मालाचे. समुद्रघोडा २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. प्रवाळ आणि समुद्रकाकडी हेही त्याच साली यादीत आले. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून शिक्षा तुरुंगापर्यंत जाते. "मी फक्त विकले, पकडले नाही" ही कैफियत चालत नाही. परदेशातून प्रवाळ आला असेल तर त्याला आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणीही करावी लागते. गवताचे नाव त्या प्राण्यांच्या यादीत नाही, म्हणून काही लोक त्याला मोकळा माल समजतात. पण किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत समुद्री गवताच्या जागा सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात घातल्या आहेत. तामिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या सामुद्रधुनीत ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगाईसाठीचे राखीव क्षेत्र जाहीर केले, ते मुख्यतः तिथल्या गवतासाठी. समुद्रगाय दुसरे काही खातच नाही म्हणा ना.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. या गवतात कोळंबीची पिल्ले, खेकड्यांची पिल्ले, बोटाएवढे मासे लपून वाढतात आणि गवताची मुळे गाळ धरून ठेवतात. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर २००० नंतरच्या दशकात हिरवी कासवे इतकी जमली की त्यांनी खाजणातले गवत खाऊन पार खुरटे केले. मासे कमी झाले म्हणून तिथले मच्छीमार कासवांवर चिडले. कासवाने खाल्ले तर एवढे होते, मग खोऱ्याने उपसून नेले तर काय होईल? आमच्या कोकणातल्या भाऊबंदांत खाडीवर जगणारी घरे थोडी नाहीत. त्यांच्या जाळ्यातला माल आपण दिवाणखान्यातल्या शोभेसाठी आधीच उचलायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

मग गवत आणायचे कुठून? उत्तर स्वयंपाकघरात आहे. दही लावायला कोणी दरवेळी नवे विरजण विकत आणत नाही, शेजारच्या घरून वाटीभर मागते. हे गवत तसेच टाकीतून टाकीत न्यावयाचे. मुंबईच्या एका हौशी गृहस्थांच्या टाकीत कित्येक वर्षे हॅलोफिला वाढत होते. त्यांनी छाटून काढलेले नऊ देठ आम्हाला दिले, सोबत त्यांच्या तळाची ओंजळभर जिवंत वाळूही दिली. पैसे घेतले नाहीत, मीठाची एक बादली मात्र मागितली. वाढलेले गवत छाटावेच लागते, तेव्हा देणाऱ्याचे काही जात नाही. ज्याला हा धंदा करावयाचा आहे त्याने दुकानाच्या मागे एक उथळ, लांब टाकी नुसत्या गवतासाठी ठेवावी. माल तिथे तयार होईल. वेळ लागेल, पण मालाचा उगम कोणी विचारला तर तोंड लपवावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष टाकीकडे येतो. यात आपल्या कारागीर बंधूंना काम आहे.

आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. काच १० मि.मी. घेतली. नुसत्या काचेचे वजन ४० किलो होते. तळाला पाच इंचांच्या आसपास बारीक वाळू लागते, कारण गवताची मुळे खोल जातात आणि खत तिथूनच घेतात. दोन बोटे वाळू घालून वर गवत खोचणारे दुकानदार मी पाहिले आहेत. तो एक महिन्याचा देखावा असतो. वाळू ७०-७५ किलो भरली. पाणी वाळूतले धरून १३५ लिटरच्या आसपास. म्हणजे सगळे मिळून अडीच क्विंटल झाले, स्टँड वेगळा. प्लायवूडच्या कपाटावर हे ठेवता येत नाही. आमच्या सुताराने सागवानी घडवंची केली आणि वर कडाप्पा टाकला. लोखंडी स्टँड करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की खारे पाणी वेल्डिंगच्या सांध्यातून आधी खाते, म्हणून रंगाचे दोन हात सांध्यावर जास्त द्यावेत. टाकीच्या पाण्याला पितळेचा किंवा तांब्याचा एकही भाग लागता कामा नये. पितळी तोटीतून उतरणारे किंचित तांबेसुद्धा शंखशिंपले आणि कोळंबीला मारते. वायरमनने वायर टाकीपासून बोर्डाकडे सरळ ओढू नये, खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, बोर्डात जाणार नाही. गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नये.

वाळू चौपाटीवरून उचलून आणू नये. किनाऱ्यावरून वाळू काढायला बंदी आहे, आणि ती घाणही घेऊन येते. चुन्याची बारीक वाळू कोरडी मिळते, ती धुऊन घालावी. मुळशीच्या ओढ्यातली काळी वाळू फुकट मिळते, पण ती बेसाल्टाची. समुद्री पाण्याला जो चुना लागतो तो तीतून मिळत नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे घोटाळे इथेच होतात. भाच्याची पहिली कल्पना अशी की ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे दिघी-मुरूडला जावे आणि कॅन भरून आणावेत. इंधन, वेळ आणि कमरेचे दुखणे धरले तर ते महाग पडते. शिवाय पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्याचे पाणी गोड आणि गढूळ असते. एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या मुळशी धरणाचे पाणी टाटांच्या योजनेत १९२७ पासून डोंगरातून पश्चिमेला भिरा येथे उतरते, वीज देते आणि कुंडलिका नदीने रेवदंड्याच्या खाडीत जाते. म्हणजे रेवदंड्याला कॅन भरणारा मुळशीकर आपलेच पाणी अर्धवट खारवून परत आणतो!

दुसरी कल्पना मिठागरातले खडे मीठ. तेही चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ३० ग्रॅम. उरलेल्यात सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. पेण-उरणकडचा मिठागरवाला बॉमेच्या मापाने पाणी आटवतो. समुद्राचे पाणी साडेतीन अंश, मीठ धरते ते २५ अंशांच्या पुढे. पण त्याआधीच कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसलेले असते आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते. ते पाणी टाकून देतात. म्हणजे खाण्याला उत्तम ते मीठ टाकीला अर्धवट. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशिवाय शंख वाढत नाही आणि गवतही पिवळे पडते. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्र मीठच घ्यावे. आमच्या टाकीला सुरुवातीला पावणेपाच किलो लागले. पुढे महिन्याला वीस लिटर पाणी बदलतो, त्याला ७०० ग्रॅम. मुळशीच्या पावसाळ्यात हे मीठ थानावर चढणाऱ्या बुरशीपेक्षा लवकर ओल धरते आणि दगड होते. झाकणाच्या पिंपात ठेवावे, गोणीत नव्हे. मीठ गाळलेल्या, क्षार काढलेल्या पाण्यातच कालवावे. बोअरचे पाणी वापरले तर काच तपकिरी शेवाळाने महिनाभरात भरते.

आता माझ्या घरातली चूक सांगतो. उन्हाळ्यात टाकीतले पाणी दिवसाला दीड लिटर आटत होते. मी गावाला गेलो असताना पेढीवरच्या मुलाने ते मोठ्या इमानदारीने रोज भरून काढले, पण भरले तयार खाऱ्या पाण्याने! वीस दिवसांनी आलो तर गवताच्या पानांच्या कडा तपकिरी आणि शंख झाकण लावून बसलेले. कारण कोणाला उमजेना. त्या दिवशी एक जुने रंगारी स्नेही चहाला आले होते. त्यांनी पाणी बोटाला लावून चाखले आणि भाच्याला त्यांच्या रंगशाळेतून हायड्रोमीटर आणायला पाठवले. रंगशाळेत मीठ घालून रंग चढवतात, त्यामुळे ट्वाडलचे माप त्यांच्या हाताखालचे. समुद्राचे पाणी पाच ट्वाडल हवे, आमचे सहाच्या पुढे निघाले. हिशेब सोपा आहे. पाणी उडते, मीठ उडत नाही. वीस दिवसांत तीस लिटर खारे पाणी घातले म्हणजे एक किलो मीठ जास्तीचे गेले. आटलेले पाणी नेहमी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरावे. काचेवर लाल रेघ मारून ठेवावी आणि रोज त्या रेघेपर्यंत भरावे. चूक सुधारायलाही आम्ही आठवडा घेतला, थोडे खारे काढायचे आणि थोडे गोडे घालायचे, कारण एकदम उतरवले असते तर जे वाचले होते तेही गेले असते. रंगशाळेचा हायड्रोमीटर घोडचूक दाखवतो, बारीक फरक दाखवत नाही. त्यासाठी पाण्याचा एक थेंब ठेवून बघण्याचे भिंगाचे उपकरण येते, ते धंदेवाल्याकडे असलेच पाहिजे. आणि रंगशाळेतले साधन धुतल्याशिवाय टाकीत बुडवू नये, हे आमच्या स्नेह्यांनीच बजावले.

पाणी तयार झाले म्हणून लगेच काही जिवंत घालायचे नाही. घाणीतून अमोनिया निघतो. त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जंतू वाळूत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात नुसती वाळू आणि पाणी बघत बसावे लागते. गिऱ्हाईक याच काळात दुकानदाराला फोन करून हैराण करते आणि दुकानदार याच काळात हार खाऊन मासे देतो. ते मरतात, मग दुसरे देतो. काही लोकांचा धंदाच या दुसऱ्या-तिसऱ्या माशावर चालतो.

गवत लावले की आणखी एक कसोटी येते. नव्या जागी पहिल्या तीन आठवड्यांत जवळजवळ सगळी पाने गळतात. आमचीही गळाली. भाच्याने उपटून टाकायला हात घातला होता. मी म्हटले, राहू दे, जागा काय भाड्याने द्यायची आहे? पंधरा दिवसांनी एका देठाला हिरवे टोक आले. खोड जिवंत असेल तर पान येते. त्याला पांढरा, जोरकस दिवा दिवसाला दहा तास लागतो. शेवाळ अंधुक उजेडात भागवते, गवत भागवत नाही. वाळू उकरू नये. खालचा थर काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा होतो, तो तसाच राहू द्यावा, गवताची मुळे तिथेच रमतात. आणि पाणी फार स्वच्छ ठेवण्याचा हट्टही नको. नायट्रेट अगदी शून्य झाले तर गवत उपाशी मरते. प्रवाळाची टाकी सांभाळलेला माणूस इथेच फसतो.

गवत पसरू लागले की बारीक शंख सोडावेत, ते पानांवरचा थर चाटून साफ करतात. मग शेवटी मासे. आमच्या मापाच्या टाकीत पाच-सहा लहान मासे फार झाले. आम्ही दोन क्लाउन आणि तळाला बसणारे दोन गोबी ठेवले, चारांवर थांबलो. रॅबिटफिश आणि सर्जन मासा कितीही देखणा असला तरी घालू नये, ते गवतच चरतात. समुद्री साळिंदर घालू नये. समुद्रघोड्याबद्दल वर सांगितलेच. गवत म्हटले की समुद्रघोडा हे चित्र गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्के बसलेले असते आणि तोच मागतो. त्याला कायदा सांगून नाही म्हणावे. क्लाउन मासा मात्र कोणाच्या समुद्रातून काढायची गरज नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास बसवली आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन कक्षाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोबरोबर शोभेच्या समुद्री माशांचे काम सुरू केले, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना पिल्ले वाढवून विकण्याच्या वाटेला लावले. वर सांगितलेल्या अगत्ती बेटावर त्याच ब्यूरोने बायकांना शोभेच्या कोळंबीच्या संगोपनाचे शिक्षण दिले. हे मला या सगळ्यात आशेचे वाटते. खाडीतून एक समुद्रघोडा चोरून देणाऱ्याला एकदाच पैसे मिळतात, पिल्ले वाढवणाऱ्याला दर हंगामाला मिळतात.

मुळशीत विजेचा प्रश्न वेगळा लिहिण्यासारखा आहे. पावसाळ्यात झाड पडले की रात्र रात्र वीज नसते. दिवसा गवत प्राणवायू देते, पण रात्री ते स्वतःच घेते. म्हणून रात्रीची वीज जाणे दिवसापेक्षा घातक. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीजवळ तयार ठेवावा. ज्याला तेवढे परवडत नाही त्याला टाकीच विकू नये.

यावर काही व्यापारी बंधू म्हणतील की बाजारात सगळे विकतात, मीच काय म्हणून मागे राहू? कुर्ल्याच्या मासळी-पाखरांच्या बाजारात फिरताना एका दुकानदाराने मला हेच ऐकवले. त्याला मी कापडाचे उदाहरण दिले. कच्च्या रंगाचे काळे कापड पावसाळ्यात विकणारे दुकानदार आमच्या धंद्यातही होते. पहिल्या हंगामात त्यांचा गल्ला माझ्या दुप्पट. पण एका धुण्यात गिऱ्हाइकाचे पांढरे सदरे निळे झाले की तो माणूस दुकान तर सोडतोच, सगळ्या आळीला सांगतो. आणि टाकीचे गिऱ्हाईक आळीपुरते राहिलेले नाही, त्याच्या हातात फोन आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : एवढे महिने थांबायचे तर भाडे कशातून भरायचे? याचे उत्तर असे की माशात कमाई मुळात थोडीच आहे. कमाई काचेत, घडवंचीत, मिठात, शुद्ध पाण्याच्या कॅनमध्ये आणि सगळ्यात जास्त महिन्याच्या देखभालीत आहे. ती पहिल्या दिवसापासून सुरू होते.

त्यातही पथ्य पाळावे लागते. धरणाकडच्या एका बंगल्याचे मालक मोठी टाकी मागत होते, साडेपाच फुटांची. येतात शनिवारी, जातात रविवारी, बंगल्यात पाच दिवस कुलूप. भाच्याच्या तोंडाला पाणी सुटले होते. मी त्याला विचारले, मंगळवारी रात्री वीज गेली तर पंप कोण लावणार? त्याने माळी ठेवण्याची अट घातली. मालकांना ते नको होते. सौदा मोडला. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. पहिली मोठी ऑर्डर हातची जाते तेव्हा तरुण माणसाला कसे वाटते हे मला ठाऊक आहे.

आता तो गिऱ्हाइकाला एक छापील कागद देतो. त्यावर लिहिले आहे की पहिल्या सहा आठवड्यांत टाकीत काही जिवंत येणार नाही, त्यानंतर गवत आणि शंख, मासे तीन महिन्यांनंतर. पैसेही त्याच तीन टप्प्यांत घेतो. समुद्रघोडा, प्रवाळ, समुद्रकाकडी मिळणार नाही. आटलेले पाणी गोड्या पाण्याने भरावे, हे वाक्य जाड अक्षरांत. कागद वाचून निम्मे लोक परत जातात. राहतात ते दर महिन्याला देखभालीचे पैसे बिनबोभाट देतात.

पिरंगुटच्या गाळ्याचे भाडे या वर्षी ठरले. माझे भांडवल त्याने मागितले होते त्याच्या निम्मे लागले, कारण समुद्रघोडे नाहीत की परदेशी मासे नाहीत. माझ्या दिवाणखान्यातल्या नऊ देठांचे आता अर्ध्या तळावर गवत झाले आहे. गेल्या महिन्यात त्यातले बारा देठ छाटून भूगावच्या एका शिक्षकांच्या टाकीत लावले. भाच्याने बिल केले आणि मालाच्या रकान्यात लिहिले, "हॅलोफिला, देठ १२, आमच्या टाकीतील वाढ."